शिमग्यातली बुरिक्का

फाल्गुन लागला की रत्नागिरीत प्रत्येक घर आपल्या लाकडांवर नजर ठेवून असतं. होळीसाठी पोरं काय उचलून नेतील याचा नेम नसतो. मोडका पाट, कुंपणाची काटी, माडाच्या झावळ्या, जे हाती लागेल ते सणाला जातं, आणि त्याबद्दल तक्रार करायची नसते. म्हणून दिवसभर कोणी ना कोणी पडवीत बसून असतं. रस्त्यानं जाणारा माणूस का थांबला, कोणाच्या दगडी गडग्यापाशी वाकला, सगळं पाहिलं जातं. बागायतदारांची काळजी आणखी वेगळी. धुकं पडलं का, मोहर काळवंडला का, शेजारच्या बागेतली कैरी आपल्यापेक्षा मोठी कशी. देवीची पालखी आधी कोणाच्या अंगणात नाचणार यावरून सख्खे भाऊ अबोला धरतात. सण आनंदाचा खरा, पण त्याच्या पोटात हा पहारा असतो.

मला हा महिना आवडतो. लाजऱ्या माणसाला पहाऱ्याचं काम चांगलं जमतं. मुंबईला मामाकडे राहून मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथं आम्हाला जेवताना आवाज न करण्याचं आणि विचारल्याशिवाय न बोलण्याचं वळण लावलं गेलं. दुसरं वळण माझ्या अंगात मुळातच होतं. मॅट्रिक होऊन घरी परतले तेव्हा माझ्या इंग्रजीचा गावात कोणाला काही उपयोग नव्हता. मी पडवीत बसून बघत राहायचे.

यंदाही ढोल वाजायला लागले, काजूची बोंडं पिकून त्यांचा तो तोंड आवळणारा वास सुटला, आणि मला एलेनाचा शिमगा आठवला.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, वकील. लांबून येणाऱ्या पक्षकारांना उतरायला म्हणून त्यांनी अंगणाच्या कडेला एक खोली बांधली होती, तिला वेगळी चूल होती. मुंबईच्या एका स्नेह्याच्या शब्दावरून त्यांनी ती खोली एका इटालियन बाईला दिली. बोटीतून उतरली तेव्हा तिच्याजवळ एक ट्रंक आणि एक जाड लोकरीचा कोट होता. आमच्याकडच्या उन्हात तो कोट हातावर घेऊन ती उभी होती. वय पस्तिशीचं असेल. नाव एलेना. तिचं इंग्रजी मोडकं होतं, पण गावात बायकांमध्ये तेवढंही कोणाला येत नव्हतं, तेव्हा तिच्याशी बोलायचं काम माझ्याकडे आलं.

"तिच्याशी बोल, पण तिचं सगळं खरं धरू नको," आत्या म्हणाली. आत्या दादांची थोरली बहीण, आमच्याच घरी असायची. घराचा कारभार आईचा आणि संशयाचा कारभार आत्याचा, अशी वाटणी होती. "एवढं मोठं मुंबई शहर सोडून ही मड्डम रत्नागिरीस कशाला येते गो?"

"मुंबईचं भाडं परवडत नाही म्हणे."

"म्हणे!" आत्या म्हणाली.

माझा स्वभावही काही मोकळा नव्हता. एलेना रोज संध्याकाळी बंदरावर जायची आणि कागदावर गलबतं काढत बसायची. बाजारात बोलणं सुरू झालं की ती नकाशे काढते, तिकडच्या सरकारला पाठवते. मी तिचे कागद पाहिले होते. त्यांत शिडं होती, जाळी विणणारे म्हातारे होते, एक झोपलेलं कुत्रं होतं. तरी मीही मनात म्हणायचे, नकाशा काढणारा माणूस आधी कुत्रंच काढून दाखवील.

ती सांगे की ती यहुदी आहे. तिच्या देशात नवे कायदे झाले, ती शिकवायची त्या शाळेनं तिला काढून टाकलं, शेजाऱ्यांनी ओळख दाखवायचं बंद केलं. नवरा आधीच वारला होता. आत्याला हे पटत नव्हतं. यहुदी म्हणजे काय हे आत्याला चांगलं ठाऊक होतं. यहुदी म्हणजे बंदराच्या वाटेवरच्या सिमाबाई आणि त्यांचे यजमान दाऊदबापू. सिमाबाई नऊवारी नेसायच्या, गळ्यात मंगळसूत्र घालायच्या, आमच्यासारखंच बोलायच्या. त्यांचे वाडवडील तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. दाऊदबापू मोजणी खात्यातून पेन्शनीत निघालेले. "यहुदी असे असतात," आत्या म्हणायची. "ही कुठली आली?"

एलेना कोंबडी खात नव्हती, मटण खात नव्हती. आईनं प्रेमानं कोलंबीची आमटी पाठवली तर ती तिनं हात जोडून परत केली. बोय, पापलेट असले मासे मात्र आवडीनं खायची. रत्नागिरीत राहून कोलंबी परत करणारा माणूस आत्यानं पाहिला नव्हता. "काहीतरी आहे," ती म्हणाली.

संध्याकाळी पायरीवर बसून एलेना खाण्याच्याच गोष्टी सांगायची. एकट्या माणसाला खाण्याबद्दल फार बोलावंसं वाटतं. तिच्या गावाचं नाव फेरारा. तिथं यहुद्यांच्या अरुंद गल्ल्या होत्या. एके काळी संध्याकाळी त्यांची दारं बाहेरून बंद होत आणि सकाळी उघडत. त्या गल्ल्यांतल्या बायका सणाला बुरिक्का करीत. मैद्याची पातळ पारी, तिला घडीवर घडी घालून पदर काढलेले, आत शिजवलेली कोंबडी बारीक करून, नाहीतर तांबडा भोपळा नाहीतर वांगं, वरून दुमडून कडा मुरडायची आणि भट्टीत भाजायची. तिनं कागदावर काढून दाखवली. ती हुबेहूब करंजी होती.

"ही कुठून आली?" मी विचारलं.

स्पेनमधून, ती म्हणाली. तिथल्या राजानं यहुद्यांना हाकललं तेव्हा बायकांनी ती हाताच्या सवयीतून आणली. काहीजण पोर्तुगालमार्गे आले. आधी त्यांना जबरदस्तीनं धर्म बदलायला लावला होता, म्हणून ते चोरून सण करीत.

पुढच्या आठवड्यात तीच म्हणाली की बुरिक्का तुर्कांकडून आली, व्यापाऱ्यांबरोबर. नावही तिकडचंच असेल. आणखी एकदा म्हणाली की तिची आजी त्रिकोणी करायची आणि सासू अर्धचंद्राकार, आणि दोघी एकमेकींच्या बुरिक्केला खोटी म्हणायच्या.

मी हे सगळं मनात नोंदवत होते. तीन वेळा तीन गोष्टी. दादांना सांगितलं, तर ते चष्मा पुसत म्हणाले, "दर वेळी शब्दाला शब्द तोच सांगणारा साक्षीदार पढवलेला असतो, कुमुद. ही पढवलेली दिसत नाही." आत्यानं आतून ओरडून सांगितलं, "मग खोटं बोलणारा माणूस कसा ओळखायचा तेही सांग!" दादांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

मी पुढे त्यावर बराच विचार केला. खाण्याच्या पदार्थाला एकच जन्मगाव असतं असं आपण धरून चालतो. काजू पोर्तुगिजांच्या गलबतांतून आला हे मी शाळेत वाचलं होतं. आत्याला सांगितलं तर तिचं तोंड उतरलं, मग ती रागावली. काजू आमचा, आमच्या परसातला. करंजी कोणी कोणाला शिकवली? आमच्या किनाऱ्यानं गेलेल्या एखाद्या बाईनं ती तिकडे नेली की तिकडच्या एखादीनं इकडे आणली, की भुकेल्या माणसानं पारी दुमडून आत काहीतरी भरणं ही कोणालाही सुचणारी गोष्ट आहे? एलेना एकदा म्हणाली, "आता फेरारात बुरिक्का दुकानात मिळते. सगळे खातात. ती गावची झाली." जरा थांबून म्हणाली, "ती तिथंच राहिली. आम्हाला तेवढं बाहेर काढलं." तेव्हा मला तिचा संशय आला नाही. पण तासाभरानं पुन्हा आला. माणसाची सवय लगेच बदलत नाही.

मग सरकारी शिपाई हुकूम घेऊन आला. शिमगा आटोपल्यावर बाईंनी पोलीस साहेबांसमोर हजर व्हावं. इथं राहायचं असेल तर तिच्या समाजातल्या एखाद्या प्रतिष्ठित माणसानं, ही आमच्यातली आहे, अशी जबाबदारी घ्यावी. नाही घेतली तर परतीची बोट. मी तिला हे इंग्रजीत सांगितलं. ती खोलीत गेली आणि तिनं त्या उन्हात तो लोकरीचा कोट काढून झटकला, घडी केली, ट्रंकेत वर ठेवला.

दादांनी दाऊदबापूंना विचारलं. बापू भले गृहस्थ. ते तयार होते, पण म्हणाले, "घरात विचारतो." याचा अर्थ सगळ्या गावाला कळत होता. दाऊदबापूंनी आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, पण त्यांच्या घरातली मोजणी सिमाबाई करीत.

सिमाबाई आमच्या पडवीत आल्या, पाणी प्यायल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ती कोलंबी खात नाही म्हणतेस? अगो, कोलंबी बामणही खात नाहीत. ते काय यहुदी झाले?"

"शनिवारी चूल पेटवत नाही ती," मी म्हटलं.

"आळशी असेल." मग त्यांचा आवाज खाली आला. "तुला म्हणून सांगते पोरी. मुंबईत मी बहिणीकडे गेले होते. तिथल्या एका बड्या परदेशी यहुद्याच्या घरी लग्नाला नेलं आम्हाला. त्यांनी आम्हाला वेगळं बसवलं. म्हणे तुम्ही कच्चे, तुमचं रक्त मिसळलेलं. मी तिथं पाणीसुद्धा प्याले नाही. आता ह्यांच्यातल्या एकीला गरज पडली, तर आम्ही पक्के झालो का?"

एलेनाच्या खरेपणाचा प्रश्न मी इतके दिवस तोलत होते. सिमाबाईंच्याही खरेपणावर कोणी असा पहारा ठेवला असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"पौर्णिमेला आमचाही सण," सिमाबाई उठताना म्हणाल्या. "तुमची होळी, आमच्या राणीनं राजाकडून आमचा जीव वाचवला त्याचा सण. आम्हीही त्याला होळीचा सणच म्हणतो. घेऊन ये तिला जेवायला. बापू एक कोंबडी कापून पाठवतील आमच्या रीतीनं. तिला म्हणावं, तुझ्या हातचं काय ते करून आण. मग बघू."

एलेनानं ते ऐकलं आणि तिच्या चेहऱ्यावर रंग आला. भट्टी नव्हती. आईनंच सुचवलं, आपण कोबीची भानोळी भाजतो तशी भाज, पातेल्याखाली निखारे, झाकणावर निखारे. पारीला तिला बदकाची चरबी हवी होती. ती कुठून मिळणार? आईनं कढवलेलं तूप दिलं तर एलेनानं भांडं दोन्ही हातांनी परत सरकवलं. आत्यानं ते खिडकीतून पाहिलं. "आमच्या घरचं तूप नको झालं मड्डमला!" ती दिवसभर तेच म्हणत राहिली. शेवटी एलेनानं खोबरेल मागितलं. मी बाजारातून ताजं आणून दिलं.

सिमाबाईंच्या दाराच्या चौकटीला एक लहानशी नळी ठोकलेली आहे, आत त्यांच्या धर्मग्रंथातल्या ओळींची गुंडाळी. पौर्णिमेला एलेनानं आत जाताना तिला बोटं लावली आणि ती ओठांना लावली. दाऊदबापूंनी बायकोकडे पाहिलं. सिमाबाई हळूच म्हणाल्या, "कोणी शिकवून पाठवली असेल."

बाहेर पोरांच्या शिमग्यातल्या फाका, आरोळ्या चालल्या होत्या, ढोल जवळ येऊन पुन्हा लांब जात होते. पानं वाढली. एलेनाच्या बुरिक्का टोपलीत, फडक्याखाली, कोणी न शिवलेल्या. सिमाबाईंनी मटणाचा रस्सा वाढला. पांढरट, दाट, वर हळदीचा पिवळा तवंग. एलेनानं चमचा उचलला, रश्शाकडे पाहिलं, आणि चमचा खाली ठेवला. हात मांडीवर घेतले.

मग सिमाबाई बोलल्या, अगदी सावकाश. "बघितलंत बापू? आली ना जातीवर? आमच्या घरचं चालत नाही तिला."

"थांब गो जरा," दाऊदबापू म्हणाले.

"कशाला थांबू? मुंबईला थांबले होते तेवढं पुरे आहे."

एलेना माझ्या कानाशी इंग्रजीत कुजबुजली. "मांसात दूध आहे, कुमुद. यहुदी माणूस मांसात दूध घालत नाही. हे लोक खरंच यहुदी आहेत का?"

हे मराठीत सांगायचं माझं काम होतं. एक बाई म्हणत होती की ही आमच्यातली नाही, आणि दुसरीही तेच म्हणत होती, आणि दोघींच्या मधे मी, जिनं दोघींवरही कधी पुरता विश्वास टाकला नव्हता. मी उठले. परवानगी न विचारता सिमाबाईंच्या स्वयंपाकघरात गेले. पाट्याजवळ खवलेल्या नारळाचा चोथा होता, शेजारी दुसरा अर्धा नारळ न खवलेला. मी तो विळीवर खवला, चोथ्यात मिसळला, वर कोमट पाणी घालून फडक्यात बांधला आणि बाहेर आणून एलेनाच्या पुढ्यातल्या वाटीत पिळला. पांढरा रस वाटीत पडला.

एलेना बघत राहिली. वाटी तिनं नाकाशी नेली. बोट बुडवून चाखलं. मग तिच्या मानेपर्यंत लाली चढली. तिनं चमचा उचलला, रस्सा खाल्ला, आणि सिमाबाईंकडे बघून स्वतःच्या कपाळावर हात मारला. अगदी आपल्या बायका मारतात तसा.

"काय समजली होती ती?" सिमाबाईंनी मला विचारलं.

"दूध."

"दूध! मटणात!" सिमाबाईंचा आवाज चढला. "आम्ही काय..." आणि त्या मधेच थांबल्या. मटणात दूध बघून चमचा खाली ठेवणारी बाई समोर बसली होती, हे त्यांच्या ध्यानात आलेलं मला दिसलं. पण त्या लगेच मानणाऱ्या नव्हत्या. त्यांनी टोपलीवरचं फडकं काढलं आणि एक बुरिक्का उचलून मोडली. पदर सुटले, आतून कोंबडीची वाफ आली.

"हिला पदर सुटलेत," त्या म्हणाल्या. "तुपाशिवाय असे पदर सुटत नाहीत. कोंबडी आणि तूप. विचार तिला."

मी विचारलं. एलेना म्हणाली, तूप नाही. मी सांगितलं.

"ती म्हणेल गो. तिला जिवाचं पडलंय."

सिमाबाईंनी तुकडा नाकाशी धरला. बोटांत चुरडला, बोटं एकमेकांवर घासली, पुन्हा वास घेतला. त्यांच्या घरातला घाणा बंद होऊन किती वर्षं झाली होती कोण जाणे, पण त्या बोटांना आठवण होती. "खोबरेल," त्या म्हणाल्या, कोणालाच उद्देशून नाही. मग तुकडा तोंडात टाकला. चावत राहिल्या. आम्ही तिघंही त्यांच्या जबड्याकडे पाहत होतो. "मीठ कमी पडलंय," त्या म्हणाल्या, आणि उरलेली बुरिक्का संपवली, आणि टोपलीत पुन्हा हात घातला.

दोन दिवसांनी आम्ही कचेरीत गेलो. दाऊदबापूंनी काळा कोट घातला होता. साहेब इंग्रज, मी दुभाषी.

"या बाईंना तुम्ही किती काळ ओळखता?" साहेबांनी विचारलं.

"ओळखतो म्हणता येणार नाही," बापू म्हणाले. पेन्शनीत निघाले तरी सरकारी मोजणीदारच. अंदाजानं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"मग ती तुमच्या धर्माची आहे हे कशावरून म्हणता?"

बापूंनी जरा विचार केला. "आमच्या मंडळींनी हिच्या हातचं मांस खाल्लं."

मी ते इंग्रजीत सांगितलं. शब्द सगळे बरोबर होते आणि अर्थ काही पोचला नाही. साहेब माझ्याकडे बघत राहिले, मी आणखी काहीतरी सांगेन म्हणून. काय सांगणार? मला जेवढं इंग्रजी शिकवलं होतं त्यात हे कुठं बसत नव्हतं. तेवढ्यात बाजूच्या टेबलावरचे हेडक्लार्क, आमच्याच आळीतले, खुर्चीतून अर्धवट उठले. "साहेब," ते म्हणाले, "आमच्याकडे याच्यापुढे काही विचारत नाहीत."

साहेबांनी खांदे उडवले आणि एलेनाच्या राहण्याच्या परवानगीवर सही केली.

घरी आलो तेव्हा एलेना सरळ तिच्या खोलीत गेली. आत्या पडवीतच होती, लाकडांकडे पाठ आणि वाटेकडे तोंड करून. मी सगळं सांगितलं. तिनं एका गोष्टीवर बोट ठेवलं.

"सिमानं खाल्लं? स्वतःच्या तोंडानं?"

"हो."

"किती?"

"दोन."

आत्यानं ओच्यातली सुपारी काढली, कातरली, तोंडात टाकली. खोलीतून ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

"माणूस पहिली भिडेखातर खातं," आत्या शेवटी म्हणाली. "दुसरी भिडेखातर कोणी खात नाही. जा, विचारून ये तिला, चुलीला कोळसे आहेत की देऊ."